आधी पाणी

आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर काय करावे, हा प्रश्न माझ्या लहानपणी कोणाला पडत नसे. आजी शेंगा फोडायला बसली की आम्ही तिच्या पुढ्यात जाऊन बसत असू, आणि काम संपून खेळ केव्हा सुरू झाला हे कळतही नसे. पहाटे पारिजातकाची फुले वेचणे, कापसातली सरकी काढून वाती वळणे, भिजलेले वाल सोलणे, आणि उन्हे कलेपर्यंत सागरगोटे. सागरगोट्यांत आजी मुद्दाम कधी हरली नाही. नातवाला खूश करण्यासाठी सोडलेला डाव नातवाला बरोबर कळतो आणि त्याचा त्याला राग येतो, हे तिला ठाऊक होते. तिच्याकडून एक डाव जिंकायला मला दोन उन्हाळे लागले. त्या दिवशी ती स्वतःवर खरोखरच चिडली होती, आणि तेच माझे बक्षीस होते.

या सगळ्या उद्योगांत एक उद्योग मात्र निराळा होता. तो वर्षातून एकदाच येई, आणि त्यात मोठ्यांनी लहानांच्या हाताखाली काम करावे अशी रीत होती. तो म्हणजे दिवाळीतला किल्ला.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. दिवाळीच्या आधी चार-आठ दिवस मुले अंगणात दगडविटांचा ढीग रचतात, त्यावर भिजवलेले गोणपाट टाकतात, आणि गोणपाटावर मातीचा पातळ काला शिंपून डोंगर तयार करतात. माती अर्धवट वाळली की सुरीने पायऱ्या कापायच्या, काड्यांनी बुरुजांना जंग्या पाडायच्या, उतारावर अळीव आणि मोहरी पेरायची. तीन-चार दिवसांत हिरवळ उगवते. मग कुंभाराकडून आणलेली चित्रे मांडायची : माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजीमहाराज, खाली मावळे, पायथ्याला बाजारातला वाणी, गवळण, आणि दिंडी दरवाज्याहून उंच असा एक वाघ. प्रमाणाचा विचार तेथे कोणी करीत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला उभा राहतो, आणि मग माती पुन्हा अंगणात जाते.

साताऱ्याच्या आमच्या घराच्या परड्यातून अजिंक्यतारा दिसत असे. खरा किल्ला डोळ्यांसमोर असताना आम्ही त्याच्याकडे पाठ करून आमचा रचत असू. माझे आजोबा, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, पाट टाकून एका कडेला बसत. माती कालवून देणे, मागितला तो दगड उचलून देणे, एवढेच त्यांचे काम. आमचा बुरूज ढासळताना ते पाहत, पण बोलत नसत. मात्र पहिला दगड ठेवण्यापूर्वी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. ‘‘आधी पाणी कुठं ते सांगा.’’ मग आम्ही जागा ठरवायची, तेथे करवंटी पुरून टाके करायचे, त्यात तांब्याने पाणी ओतायचे, त्यानंतर किल्ला. पुढे कॉलेजात असताना रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वाचनात आले. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या त्या ग्रंथात, गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, असे सांगितलेले आढळले, आणि मी चकित झालो. आप्पा ग्रंथ वाचणारे नव्हते. ते तलाठी होते. चैत्र-वैशाखात ओस पडणारी गावे त्यांनी पायी फिरून पाहिली होती. दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. तटबंदी, तोफा, धान्य, सगळे असले आणि टाके आटले, तर गड राहत नाही.

मी मोठा झालो आणि योगायोगाने पाण्याच्याच खात्यात नोकरीला लागलो. पुण्याला पाटबंधारे खात्यात मी आरेखक होतो. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढणे, हे माझे काम. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी कागद बदलावा, अशी शिस्त हाताला लागलेली. त्या शिस्तीबद्दल मला अभिमान होता, आणि आजही आहे. पण तीच शिस्त मी 1985 सालच्या दिवाळीत घरी आणली.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. आमच्या वसाहतीत त्या वर्षी किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. त्याने राजगड करायचे ठरविले. मला आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात मी राजगडाच्या समोच्च रेषांचा नकाशा उतरवून आणला. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि मध्ये बालेकिल्ला. प्रत्येकीची दिशा होकायंत्राने लावली. पुठ्ठ्याचे थर कापून उंची धरली. मुलाला मी अळीव पेरण्याचे आणि रोज पाणी मारण्याचे काम दिले. सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. ते त्याला गोष्टीतून माहीत होते. एका संध्याकाळी कचेरीतून आलो तर त्याने ओल्या मातीत बोट खुपसून नेढे पाडलेले. पण संजीवनी माचीवर. मी ते लिंपून टाकले आणि मोजून योग्य जागी दुसरे पाडले. तो शेजारी उभा होता. त्याने काही म्हटले नाही, आणि मलाही त्यात काही म्हणण्यासारखे आहे असे वाटले नाही.

आम्हाला पहिले बक्षीस मिळाले. ‘आम्हाला’ हा शब्द मी तेव्हा फार सहज वापरीत असे. पुढच्या वर्षी दिवाळी जवळ आल्यावर मी त्याला विचारले, या वेळी कोणता? तो पुस्तकातून डोके वर न काढता म्हणाला, ‘‘बाबा, तुम्हीच बांधा.’’ मी बांधला नाही. त्यानेही पुन्हा कधी बांधला नाही. आमच्यात भांडण झाले, असे कधीच म्हणता येणार नाही. तो शिकला, बंगळूरला गेला, तेथे स्थिरावला. दर रविवारी त्याचा फोन येतो, माझ्या औषधांची चौकशी तो न चुकता करतो. पण आमच्या बोलण्यात काही आटून गेले आहे, हे मला पुष्कळ वर्षांपूर्वी जाणवले होते. ते नेमके केव्हा आटले हे शोधू लागलो, की मन त्या लिंपलेल्या भोकापाशी जाऊन थांबे. एवढ्याशा गोष्टीने एवढे होते काय, असे स्वतःलाच विचारून मी विषय बाजूला सारीत असे.

2025 च्या दिवाळीला मी बंगळूरला गेलो. मुलाचे घर नवव्या मजल्यावर आहे. नातू आठ वर्षांचा. तो शाळेत इंग्रजी बोलतो, खाली खेळताना कन्नड, आणि घरात मराठी. तीतही बाकीच्या दोन्ही भाषा पाहुण्यांसारख्या ये-जा करतात. माझा मुलगा मला ‘तुम्ही’ म्हणतो. नातू ‘तू’ म्हणतो. एका घरात एकाच माणसाला दोन सर्वनामे मिळावीत, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी असावीत, याची मला गंमत वाटते.

‘‘आबा, तू किल्ला करतोस ना? बाबा म्हणाला, तुला येतो,’’ तो म्हणाला.

मी जरा वेळ गप्प राहिलो. मग म्हटले, ‘‘मला माती कालवता येते. किल्ला तुला करावा लागेल.’’

मातीपासूनच प्रश्न सुरू झाले. नवव्या मजल्यावर माती विकतच आणावी लागते. रोपवाटिकेतून तांबड्या मातीची चार पोती आली. तिकडची माती आपल्या तांबड्या मातीहून वाळू अधिक धरून असते. काला गोणपाटावर नीट बसेना, म्हणून त्यात थोडी कणीक मिसळली. गोणपाट मिळविणे तर त्याहून कठीण, कारण धान्याची पोती आता प्लास्टिकची येतात. अखेर खालच्या पहारेकऱ्याने पायपुसण्यासाठी ठेवलेले एक ताग्याचे पोते दिले. समोरच्या बांधकामावरून विटांचे तुकडे आणले. बाल्कनीत प्लास्टिकचा कागद अंथरून मी पाट मागितला. घरात पाट नव्हता. उशी घेऊन बसलो.

‘‘राजगड करायचा?’’ मी विचारले. सवय जात नाही.

‘‘नको. जिंजी.’’

दसऱ्याच्या सुटीत ते सगळे गाडीने जिंजीला जाऊन आले होते. त्याच वर्षी जुलै महिन्यात युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले होते. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. 1677 साली शिवाजीमहाराजांनी तो घेतला. पुढे रायगड पडण्याच्या वेळी राजाराममहाराज दक्षिणेत उतरले आणि जिंजीलाच मराठ्यांची राजधानी झाली. झुल्फिकारखानाचा वेढा 1690 पासून पडला होता. किल्ला हाती लागला 1698 मध्ये, आणि तोवर राजाराममहाराज निसटून गेले होते. एवढे सगळे मला पाठ होते. पण जिंजी मी पाहिलेला नव्हता. नातवाने पाहिला होता. आयुष्यात प्रथमच मी अशा किल्ल्यासमोर बसलो होतो, ज्याच्याविषयी माझ्याजवळ सनावळी होती आणि डोळे दुसऱ्याजवळ होते.

मी आप्पांचा प्रश्न विचारला. ‘‘आधी पाणी कुठं ते सांग.’’

तो क्षणभरही अडला नाही. ‘‘खाली. दोन तळी आहेत. मोठ्ठी.’’

पाणी माथ्यावर असावे, हे माझ्या मनात पक्के बसलेले. ओठांवर आलेला शब्द मी गिळला. नंतर पुस्तक काढून पाहिले, तर राजगिरीच्या पायथ्याशी चक्रकुलम आणि चेट्टीकुलम अशी दोन तळी खरोखरच आहेत. तोवर त्याने स्टीलच्या डब्याची दोन झाकणे मातीत बसवली होती आणि त्यांत पाणी भरून तो पुढे गेलाही होता. राजगिरी, कृष्णगिरी आणि चांद्रायणदुर्ग असे तीन डोंगर, आणि तिघांना जोडणारा तट. आपल्या सह्याद्रीसारखे कातळकडे तेथे नाहीत. अवाढव्य गोल धोंड्यांचे ढीग आहेत. हे मला त्याने सांगितले. त्यासाठी आवारातल्या बागेतून त्याने खिसे भरून गोटे आणले आणि तो ते एकेक करून मातीत रोवू लागला. तिन्ही डोंगर त्याने सारख्याच उंचीचे केले. राजगिरी पुष्कळ उंच असायला हवा, हे छायाचित्रांवरून मला दिसत होते. हात शिवशिवत होते. मी ते घमेल्यात घालून माती मळत राहिलो. म्हातारपणी हातांना कंप सुटतो, त्याचे दुःख असते; पण त्या दुपारी तो कंप मला सोयीचा वाटला. रेघ ओढण्याचा हट्ट धरणारे हात ते आता नव्हतेच.

संध्याकाळी दारावर घंटा वाजली. आमच्या काल्याचे पाणी बाल्कनीच्या कडेने खाली उतरून आठव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले होते. दारात एक वृद्ध बाई, हातात डागाळलेले पांढरे धोतर. त्या कन्नडमध्ये बोलत होत्या, आणि मला एक अक्षर कळत नव्हते. घरात मोठे दुसरे कोणी नव्हते. नातू मातीच्या हातांनी पुढे झाला आणि माझ्या वतीने बोलू लागला. त्यातले दोनच शब्द मी पकडले : ‘मण्णु’ आणि ‘कोटे’. मण्णु म्हणजे माती, हे पोती विकत घेताना कळले होते. कोटे म्हणजे आपला कोटच. त्या बाईंना तो ‘अज्जी’ म्हणत होता. नव्या गावात नातवाचे बोट धरून उभे राहण्याचा प्रसंग प्रत्येक आजोबावर कधीतरी येतो. माझ्यावर तो त्या उंबऱ्यात आला. अज्जींचा राग ओसरला. त्या आत आल्या, बाल्कनीत वाकून पाहू लागल्या, आणि नातवाला काहीतरी विचारून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या पातळात गुंडाळलेल्या चार बाहुल्या घेऊन आल्या. कर्नाटकात दसऱ्याला घरोघर बाहुल्या मांडतात, त्याला गोंबे हब्ब म्हणतात. लाल लाकडाचे राजा-राणी त्यात मानाचे, आणि पुढे धान्याचे दुकान मांडून बसलेले शेट्टी आणि त्याची बायको. ‘‘अज्जी म्हणते, यंदा बाहुल्या लावायला तिच्याकडं कुणी नव्हतं. तिची नातवंडं अमेरिकेत आहेत,’’ नातवाने मला समजावले. शेट्टी-दांपत्य मी ओळखले. आमच्या साताऱ्याच्या किल्ल्याच्या पायथ्याला बसणारा वाणी तो हाच. मिशा तेवढ्या निराळ्या. राजा-राणी इतके उंच होते, की त्यांना राजगिरीवर उभे केल्यावर डोंगर त्यांच्या घोट्याला लागू लागला. अज्जी हसल्या. मीही हसलो. प्रमाणाचा आग्रह मी तेथेच सोडला. तो सोडायला चाळीस वर्षे लागली.

मुलगा त्या रात्री उशिरा आला. सगळे झोपले होते. मी बाल्कनीत उशीवर बसून काला वाळतो आहे की नाही ते पाहत होतो. तो कचेरीच्या कपड्यांतच येऊन उकिडवा बसला. बराच वेळ पाहत राहिला.

‘‘बाबा, या वेळी नकाशा नाही?’’

‘‘नाही.’’

पुढे काय बोलावे ते सुचेना. मग मी चाळीस वर्षे न म्हटलेले वाक्य म्हणून टाकले. ‘‘तो राजगड तुझा होता. मी तो घेतला.’’

तो लगेच काही बोलला नाही. एक गोटा निखळला होता, तो त्याने परत दाबून बसवला. ‘‘बक्षीस मला हवं होतं, बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणून तर मी काही बोललो नाही. पण नंतर लोक बघायला यायचे आणि मला विचारायचे, कसा बांधलास? आणि मला सांगताच यायचं नाही.’’

मी ऐकले. क्षमा मागावी तर ती कोणत्या शब्दांत, आणि त्याने द्यावी तर ती कोणत्या, हे आमच्या घरात कोणी कोणाला शिकवलेले नाही. काही वेळाने त्याने बाहीची बटणे काढली, चांद्रायणदुर्गाच्या माथ्यावर माती अजून ओली होती तेथे बोट खुपसले, आणि आरपार काढले. जिंजीला नेढे नाही. मी काही बोललो नाही. उठताना त्याने मला हात दिला. त्याची माती माझ्या हाताला लागली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आवारातली पुष्कळ माणसे किल्ला पाहायला आली. त्यांत एका गृहस्थांनी नातवाला तोच प्रश्न विचारला. कसा बांधलास? मग तो जो सुरू झाला, तो पाव तास थांबला नाही. माती कोठून आणली, पोते कोणी दिले, कणीक का घातली, तळी खाली का, शेट्टी कोणाचा. एका भाषेतून दुसरीत उड्या मारीत तो सांगत होता. नेढ्यापाशी आल्यावर त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, ‘‘इथून राजाराममहाराज पळाले.’’ माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिले. इतिहासात असे काही नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी मान डोलावली.

आजी-आजोबांनी नातवंडांसाठी काय काय करावे याचा उपदेश हल्ली पुष्कळ ऐकू येतो. गोष्टी सांगाव्यात, जुने खेळ शिकवावेत, संस्कार द्यावेत. त्यात खोटे काही नाही. पण देण्याच्या या उत्साहात एक गोष्ट निसटते. आई-बापांना मुलाकडून काहीतरी व्हायला हवे असते. ते त्यांचे कामच आहे, आणि मीही ते केले. आजोबाला काही व्हायला नको असते. किल्ला पंधरा दिवसांनी मोडणार आहे, हे नातवाला ठाऊक नसले तरी आजोबाला ठाऊक असते, आणि म्हणून तो वाकडा बुरूज वाकडाच राहू देऊ शकतो. आप्पा कडेला बसून गप्प राहत, ते थकल्यामुळे, असे मी समजत होतो. ते गप्प राहणे हेच त्यांचे काम होते. आजीने डाव सोडला नाही आणि आप्पांनी बुरूज सावरला नाही. दोघांनीही मुलाचे जे होते ते मुलाकडे राहू दिले. हे मी मुलाच्या वेळी शिकायला हवे होते. नातवाच्या वेळी शिकलो. उशिरा आलेले शहाणपण चुकीच्या पत्त्यावर पोचते, असे म्हणतात. माझ्या बाबतीत ते योग्य घरी पोचले, फक्त एक पिढी खाली उतरून आणि मग पुन्हा वर चढून.

तुळशीचे लग्न होण्यापूर्वीच मी पुण्याला परतलो. एका रात्री फोन आला. रविवार नव्हता. बंगळूरला पाऊस पडला होता आणि वारा बाल्कनीच्या बाजूचा होता.

‘‘आबा, चांद्रायणदुर्ग पडला,’’ नातू म्हणाला. आवाज रडवेला नव्हता. बातमी देणाऱ्याचा होता. ‘‘नेढं पण गेलं. राजा-राणी अज्जीकडं परत दिले.’’

‘‘आणि बाकीचा?’’

‘‘अर्धा आहे.’’ तो थोडा थांबला. मागे मुलाचा आवाज आला, काहीतरी आठवण करून देणारा. ‘‘आणि आबा, तू विचारशील म्हणून सांगतो. पाणी आहे. दोन्ही तळी भरली.’’